हाताने शिकणारी मुलगी

मी भित्री बाई नाही. शाळेच्या आवारात साप निघाला तर शिपाईमामांच्या आधी काठी माझ्या हातात असते. पण त्या वर्षी मार्च महिन्यात दहावीच्या इतिहासाच्या पेपरला मी जी घाबरले, तशी जन्मात कधी घाबरले नव्हते. पेपर माझा नव्हता, माझ्या वर्गातल्या एका मुलीचा होता. आणि तो बुडाला असता तर मीच बुडवला असता.

सुरुवात झाली ती आदल्या मे महिन्यातल्या प्रशिक्षणापासून. तालुक्याला तीन दिवस, पत्र्याच्या सभागृहात, पंखे नुसती गरम हवा फिरवताहेत. एका हसतमुख मार्गदर्शकांनी आम्हांला सांगितलं की मुलं तीन प्रकारची असतात. काही डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी. ज्याचा त्याचा प्रकार ओळखा, त्यालाही तो ओळखायला शिकवा, आणि मग गंमत बघा. बाकीचे शिक्षक जेवणात आमरस आहे की नाही याच्या चौकशीत होते. मी मात्र वही भरून लिहून घेतलं. वीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवत होते आणि गंमत म्हणावी असं काही अजून बघायचं राहिलंच होतं.

मी मूळची पालीची. कोल्हापूरच्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. आमच्याकडे मासा यायचा तो बर्फात घालून, टेम्पोतून. नोकरी लागली ती राजापूर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी, नाटे गावापासून फार लांब नाही अशा ठिकाणी. वर्गात निम्मी मुलं वरच्या वाडीतली, आंब्याच्या कलमांच्या बागा असलेल्यांची. निम्मी खालच्या मोहल्ल्यातली, ज्यांचे वडील मासेमारीला जातात नाहीतर आखातात बोटीवर असतात. इतकी वर्षं त्यांच्यात राहून मला होडी आणि ट्रॉलर यांतला फरक कळायला लागला होता. बाकी अज्ञानच. पण शिक्षकाला आपलं अज्ञान दिसत नाही, तो नेहमी दुसऱ्याचं तपासत असतो.

जूनमध्ये मी प्रश्नावल्या वाटल्या. मुलांनी वाटेल तिथे खुणा केल्या. एकाने खाली लिहिलं, ‘बाई, मी जेवल्यावर शिकतो.’ मी त्याला वर्गात उभा करून असं काही बोलले की तो दोन दिवस मान वर करेना. माझी जीभ जरा तिखट आहे आणि आवाज मोठा आहे. वर्ग शांत ठेवायला तो फार उपयोगी पडतो, असं मी नव्या शिक्षकांना सांगायचे.

भिंतीवर तीन रंगांचा तक्ता लागला. सगळ्यांच्या चिठ्ठ्या कुठे ना कुठे चिकटल्या. एकीची मात्र कुठेच बसेना.

ती खिडकीच्या बाजूला, मागून दुसऱ्या बाकावर बसायची. पांढरा स्कार्फ, हाडकुळे हात, आणि विचारलं की दगड. उभी राहायची, ओठ हलायचे, आवाज नाही. मी प्रश्न पुन्हा विचारायचे, जरा मोठ्याने. मग ओठही हलायचे थांबायचे. बाकी विषयांत ती बऱ्यापैकी निघायची. माझ्याच विषयाच्या उत्तरपत्रिका अर्ध्या कोऱ्या असायच्या. मी ठरवून टाकलं, इतिहास म्हणजे पाठांतर, आणि पाठांतर हिच्या डोक्यात टिकत नाही.

नापास होणं तिला परवडणारं नव्हतं. थोरली बहीण दहावीला नापास झाली आणि घरीच बसली. वडील आखातात. त्यांनी फोनवर सांगून ठेवलं होतं की ही पास झाली तर रत्नागिरीला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून अकरावी करेल, नाही झाली तर शाळा बस झाली. तिला नर्स व्हायचं होतं. हे तिने मला सांगितलं नव्हतं, निबंधात लिहिलं होतं, मराठीच्या बाईंनी मला दाखवलं. नर्स होणं आणि घरी बसणं यांच्या मधोमध माझा विषय उभा होता. हे कळल्यापासून तिच्याकडे बघितलं की मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी आणखी जोरात शिकवायचे.

जुलैमध्ये एका रविवारी मी बंदराकडे गेले होते. होड्या वर ओढून ठेवलेल्या, मासेमारी बंद, आणि शेडमध्ये जाळी दुरुस्तीला काढलेली. एका होडीच्या आडून मला खणखणीत आवाज आला. वर्तमानपत्रांच्या इतिहासाचा धडा, माझाच, मी आदल्या दिवशी शिकवलेला. मी डोकावून बघितलं. ती आजोबांबरोबर जाळं विणत बसली होती. हातात प्लास्टिकची सुई, हिरवा नायलॉनचा दोरा, गाठीवर गाठ पडत होती आणि समोर बसलेल्या धाकट्या बहिणीला ती धडा सांगत होती. एक मुद्दा, दुसरा मुद्दा, तिसरा. मध्ये एकदा माझी नक्कलसुद्धा केली, कमरेवर हात ठेवून. बहीण लोळून हसली.

मी पुढे झाले. तिने सुई खाली ठेवली. त्याच क्षणी आवाज बंद झाला.

मला केवढा आनंद झाला काय सांगू! हात थांबला की डोकं थांबतं. हाताने शिकणारी मुलगी! मासेमाराच्या घरची पोर, हिला पुस्तक कसं कळणार, हिला दोऱ्यातूनच कळणार, हे मला आधीच कसं सुचलं नाही? मी आजोबांना म्हटलं, ‘तुमची नात वर्गात तोंड उघडत नाही, आणि इथे बघा!’

‘शालंत बोलत नाय?’ ते म्हणाले. ‘काय सांगता, बाई! घरात तर हिचा तोंड मिटत नाय. आमी गप करून थकलो.’

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या तक्त्यात त्या वाक्याला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला हातभर हिरवा दोरा आणायला सांगितलं. पद्धत मी स्वतः शोधली. एका उत्तराचे पाच मुद्दे असतील तर पाच गाठी मारायच्या. मुद्दा मोठा असेल तर जाड गाठ, लहान असेल तर बारीक. उत्तर सांगताना एकेक गाठ बोटांतून पुढे सरकवायची. आठवड्याभरात ती वर्गात बोलायला लागली. हळू आवाजात, मान खाली घालून, डोळे दोरीवर खिळलेले, पण बोलायला लागली. पाचच्या पाच मुद्दे! वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत हा प्रयोग सांगितला, दोरीसकट. तिथेही टाळ्या. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बाई, तुम्ही लिहून द्या, वर पाठवू.’ मी चार पानं लिहून दिली. अंगावर मूठभर मांस चढलं म्हणतात ना, तसं झालं.

पूर्वपरीक्षेत मी तिला दोरी घेऊन बसू दिलं. एरवी मी परीक्षेत बाकांमधून फिरते, मुलांच्या खांद्यावरून डोकावते. त्या दिवशी मुद्दाम तिच्या रांगेत गेले नाही, तिची लय मोडू नये म्हणून दारातच उभी राहिले. तिने पुरवणी मागून घेतली. चाळीसपैकी एकतीस. मी त्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईने ‘शाब्बास’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग हॉल तिकिटं आली. वाटायच्या दिवशी मी नियम वाचून दाखवत होते. मोबाइल नको, चिठ्ठी नको, पॅडवर काही लिहिलेलं नको. आमचे कारकून शिक्के मारत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, ‘आणि दोरी, बाई? पाच गाठी, पाच मुद्दे. कागदावर लिहिली तर कॉपी, दोऱ्यावर लिहिली तर काय, कलाकुसर?’

सगळे हसले. मीही हसले. स्टाफरूममध्ये येऊन मी ती नियमांची यादी पुन्हा वाचली.

कारण त्यांचं खरं होतं. भरारी पथकातल्या कुणी तिला विचारलं असतं की हे काय आहे, तर ती खोटं बोलली नसती. तिने सरळ सांगितलं असतं, बाईंनी दिली, एकेका गाठीला एकेक मुद्दा आहे. झालं! कबुलीजबाबच. पेपर रद्द, कदाचित सगळी परीक्षा रद्द, मोहल्ल्यात बोभाटा की अमक्याची पोरगी कॉपी करताना धरली. नापास झालेल्या पोरीला एखादे वेळी पुन्हा बसवतीलही, कॉपी करणारीला कोण रत्नागिरीला पाठवणार? आणि माझ्या हस्ताक्षरातली चार पानं वर कुठेतरी फाइलमध्ये होती, गाठ कशी मारावी याच्या आकृतीसकट.

मी दोरी काढून घेतली. वर्गातच, सगळ्यांसमोर. ‘आण इकडे. उद्यापासून दोरीशिवाय.’ तिने दिली. मी लगेच प्रश्न विचारला. ती उभी राहिली आणि जूनमधल्यासारखी दगड झाली. एकही मुद्दा नाही. आठ महिने मी या पोरीला कुबडी धरून चालवलं होतं आणि आता परीक्षेच्या तोंडावर कुबडी काढून घेतली होती.

पुढचा महिना आठवला तरी नको वाटतं. रोज शाळा सुटल्यावर मी तिला एकटीला थांबवायचे. बोटांची पेरं मोजून बघ, म्हटलं. रंगीत पट्ट्या केल्या. धडे माझ्या आवाजात मोबाइलवर भरून तिच्या घरच्यांना पाठवले. डोळे, कान, हात, सगळे दरवाजे ठोठावून झाले. ती समोर बसायची, मान हलवायची, आणि ‘सांग बघू’ म्हटलं की काही नाही. ‘अगं बोल ना!’ मी टेबलावर डस्टर आपटायचे. ती डोळ्यांत पाणी आणायची पण रडायची नाही. ती घरी गेली की मी रिकाम्या वर्गात बसून राहायचे. देवा, मी काय करून ठेवलं, एवढंच मनात यायचं. तिची दोरी माझ्या खणात कुलुपात होती. पण त्यानेही जिवाला स्वस्थता नव्हती. तिच्या घरात दोऱ्याला काय तोटा? हातभर तुकडा बाहीत घालायला कितीसा वेळ लागतो?

मी तिला बजावलं. एकदा नाही, वीसदा. ‘केंद्रावर दोरी न्यायची नाही. दिसली तर तुझं आयुष्य संपलं, समजलीस?’ ती म्हणायची, ‘हो, बाई.’ हो म्हणणारी मुलं मला नेहमी संशयास्पद वाटतात.

केंद्र अर्ध्या तासावरच्या मोठ्या गावात होतं. आपल्या विषयाच्या पेपरला शिक्षकाने तिकडे फिरकायचं नसतं. म्हणून मी सकाळी एसटीच्या थांब्यावरच मुलांना निरोप द्यायला गेले. सगळ्यांच्या हातावर दही-साखर घातली. ती गाडीत चढली, खिडकीशी बसली. गाडी सुटली आणि तिने मांडीवरचा पारदर्शक पाऊच उचलून छातीशी धरला. पाऊचमधून हिरवा दोरा लोंबत होता.

मी ओरडले. गाडी पुढे गेली. धुरळ्यात मी चार पावलं धावलेसुद्धा, एका हातात दह्याची वाटी.

फोन कुणाला करणार? मुलांकडे मोबाइल नव्हते, मीच बंदी घातली होती. केंद्रावर फोन करून काय सांगणार, माझ्या मुलीकडे कॉपी आहे, जरा काढून घ्या? रिक्षा मिळायला वीस मिनिटं लागली. रिक्षावाला माझा जुना विद्यार्थी. माझा चेहरा बघून त्याने विचारलं, ‘कोण वारलं काय, बाई?’ मी म्हटलं, ‘गप चालव.’ वाटेत मी ग्रामदेवतेला नारळ बोलले. मग वळणावर दर्गा दिसला तेव्हा, मुलगी त्यांची आहे म्हणून, तिथेही चादर बोलले. कुणाचं काम कुणाकडे असतं हे मला ठाऊक नव्हतं.

पोचले तेव्हा घंटा होऊन गेली होती. फाटक बंद. आणि फाटकाच्या आत भरारी पथकाची जीप.

पोलीस हवालदाराने मला ओळखलं नाही, तेच बरं झालं. ‘पालक तिकडे, रस्त्याच्या पलीकडे,’ म्हणाला. पलीकडे परीक्षेपुरतं बंद ठेवलेलं झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्या पायरीवर मी दोन तास बसले. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या दिसत होत्या, मुलांची डोकी दिसत होती, कुठलं तिचं ते कळत नव्हतं. एकदा एका खोलीत दोन मोठी माणसं उभी राहिलेली दिसली, कुणावर तरी वाकलेली. ती सरकली. पुन्हा दुसऱ्या खिडकीत वाकली.

तासाभराने जिन्यावरून पथकातली एक बाई एका मुलीला दंडाला धरून खाली आणताना दिसली. पांढरा स्कार्फ. मी रस्ता ओलांडला, फाटकाचे गज धरले आणि ओरडले, ‘अहो, ती दोरी माझी आहे! मी दिली आहे तिला!’

बाईंनी वळून बघितलं. मुलीनेही. ती आमची नव्हतीच, दुसऱ्या शाळेची होती. तिला मळमळत होतं, तिला नळावर तोंड धुवायला आणलं होतं. हवालदार माझ्याकडे असा बघत होता की मी निमूट पुन्हा पायरीवर जाऊन बसले. गजाचा गंज तळहाताला लागला होता, तो साडीला पुसला.

घंटा झाली. मुलं लोंढ्याने बाहेर आली. ती मैत्रिणींबरोबर आली, आणि नवल म्हणजे बोलत, हातवारे करत. मी मध्ये घुसले आणि तिच्या हातातला पाऊच हिसकावला. ‘तुला सांगितलं होतं ना? किती वेळा सांगितलं होतं?’ पेनं, पट्टी, खोडरबर सगळं रस्त्यावर पडलं. हिरवा दोरा माझ्या हातात आला तो पाऊचसकट. बोटभर लांब, एकच गाठ. चेनची कडी तुटली होती, तिथे तो बांधला होता, ओढायला.

‘आजोबांनी बांदून दिला,’ ती म्हणाली. ‘चेन लागत नव्हती, बाई.’ पांढरीफटक पडली होती. मैत्रिणी खाली वाकून पेनं गोळा करत होत्या.

मी तिथेच पायरीवर बसले. कुणीतरी पाण्याची बाटली दिली. पथकाची जीप आमच्या समोरून निघून गेली, धूळ उडवत, आतली माणसं काहीतरी खात होती. निकाल पुढे जूनमध्ये लागला आणि ती पास झाली, सामाजिक शास्त्रांत शंभरपैकी सत्तरच्या वर मिळाले, आज ती रत्नागिरीला आहे. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते निकालाबद्दल नाही.

पाणी पिऊन मी विचारलं, ‘पेपर?’

‘चांगला गेला, बाई. सगळे प्रश्न लिवले. पुरवणी पण घेतली.’

‘दोरीशिवाय?’

‘हो.’

‘कसं आठवलं गो तुला? महिनाभर माझ्यासमोर एक मुद्दा आठवत नव्हता.’

तिने मैत्रिणीकडे बघितलं. मैत्रीण दुसरीकडे बघायला लागली.

‘सांग. मी रागावणार नाही,’ मी म्हटलं, आणि तेही जरा मोठ्यानेच म्हटलं असणार, कारण बाजूने जाणारी दोन मुलं थबकली.

‘दोरी मला घरी कधी लागलीच नाय, बाई,’ ती म्हणाली. ‘वर्गातच लागायची.’

‘वर्गात का?’

‘दोरीकडं बघत बोललं की तुमच्याकडं बघायला लागत नाय.’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिने सांगितलं होतं, पाच मुद्द्यांच्या उत्तरातल्या एका मुद्द्यासारखं, स्पष्ट. मला बंदरावरचा तो रविवार नव्याने दिसला, आणि खालच्या मानेने सांगितलेली ती सगळी उत्तरं, आणि ज्यांवर टाळ्या पडल्या ती माझी चार पानं. वर्षभर मी तिच्यासाठी जिवाच्या आकांताने घाबरत होते. त्या पोरीला दुसरी कसलीच भीती नव्हती. परीक्षेची नाही, पथकाची नाही. एक माझी सोडली तर.

मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण तोंड उघडणार तेवढ्यात लक्षात आलं की माझा आवाज बाहेर पडला की ती पुन्हा दचकेल, आणि हळू बोलायचं कसं हे मला येत नव्हतं. मी खाली वाकले, रस्त्यावर राहिलेलं तिचं खोडरबर उचललं, पदराला पुसलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने ते लांबूनच, दोन बोटांनी उचलून घेतलं.